माशांच्या पेशी वाढवणाऱ्यांना, परवाना देणाऱ्यांना आणि बंदी घालणाऱ्यांना खुलं पत्र

प्रयोगशाळेत माशाचं मांस तयार करणाऱ्या कंपन्यांचे संचालक, त्यांची तपासणी करणाऱ्या अन्नसुरक्षा यंत्रणांचे अधिकारी आणि त्यांच्या मालावर बंदी आणणारे लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

तिघांना एकाच पत्रात बसवल्याबद्दल राग मानू नका. तुमचं आपसात पटत नाही, काही ठिकाणी तर प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आहे, हे मला माहीत आहे. पण ज्याच्या ताटात हा मासा पडायचा त्याच्याशी तुम्ही तिघंही सारखेच वागता. एक म्हणतो, लोकांची मानसिकता बदलायला हवी. दुसरा म्हणतो, आम्ही कागद पाहिलेत, तुम्ही काळजी करू नका. तिसरा म्हणतो, लोकांना हे नकोच आहे. लोकांना मात्र कोणी काही नीट सांगितलेलं नाही आणि विचारलेलंही नाही. म्हणून हे पत्र.

निमित्त ताजं आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, सॅन फ्रान्सिस्कोच्या वाइल्डटाइप कंपनीच्या सॅल्मनची तपासणी पूर्ण केली. कोहो जातीच्या सॅल्मनच्या पेशी टाकीत वाढवून हा मासा तयार होतो, आणि विक्रीची वाट मोकळी झालेला तो त्या देशातला पहिलाच पेशीसंवर्धित मासा. ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या एका रेस्टॉरंटात तो ताटात आलाही. टेक्सासमध्ये, ऑस्टिनच्या एका सुशी रेस्टॉरंटने जुलैमध्ये तो वाढायला घेतला, आणि १ सप्टेंबरपासून टेक्सासने पेशीसंवर्धित मांसाच्या विक्रीवर दोन वर्षांची बंदी लागू केली. एका उन्हाळ्यात तोच पदार्थ सुरक्षितही ठरला आणि बेकायदाही. दोन्ही बाजूंची निवेदनं मी वाचली. एकीकडे भविष्याची स्वप्नं, दुसरीकडे परंपरेच्या शपथा. माझ्या उपयोगाचं एक वाक्य दोन्हींत सापडलं नाही.

माझा या सगळ्याशी संबंध काय, तेही सांगते. मी शास्त्रज्ञ नाही. कुठल्या कंपनीत माझा पैसा अडकलेला नाही आणि आमच्या घरात कोणाचं पोट मासेमारीवर चालत नाही. मला मासे आवडतात, आणि माझ्या मुलीला कोळंबीची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. कोळंबी, खेकडा, शेवंड यांतलं काहीही चुकून पोटात गेलं तर तिचे ओठ सुजतात, घसा आवळतो, मग इंजेक्शन आणि धावपळ. त्यामुळे पाकिटाच्या मागचा बारीक टाइप वाचल्याशिवाय आमच्याकडे काही शिजत नाही, आणि बाहेर खायला गेलं की मी प्रश्न विचारून वाढप्यांना वात आणते. नवा पदार्थ आला की इतर लोक चव विचारतात, मी त्यात काय काय आहे ते विचारते. तुमच्या माशाबद्दलही हेच विचारलं. उत्तर शोधताना जे हाती लागलं, आणि जे लागलं नाही, त्याबद्दल पुढे लिहिते.

त्याआधी एक खुलासा. हे पत्र विरोधकाचं नाही. उलट या तंत्राचं मला कुतूहल आहे, आणि त्याची सुरुवात तर मोठी गमतीची आहे. २००२ साली न्यूयॉर्कच्या टूरो कॉलेजातल्या संशोधकांनी नासाच्या पैशावर गोल्डफिशच्या स्नायूचे तुकडे पोषक द्रवात ठेवून वाढवले. लांबच्या प्रवासाला निघालेल्या अंतराळवीरांना ताजं मांस कसं मिळेल, असा प्रश्न होता. वाढलेला तुकडा त्यांनी ऑलिव्ह तेल, लसूण, लिंबू, मिरी लावून तळला आणि काही जणांपुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला, हुंगला, माशासारखाच आहे म्हणाले. खाल्ला कोणीच नाही. मला कधी कधी वाटतं, आम्ही ग्राहक अजून त्याच टेबलाभोवती बसलेलो आहोत.

तुम्ही मात्र पुष्कळ पुढे गेलात. सिंगापूरमध्ये संध्या श्रीराम आणि का यी लिंग यांनी २०१८ मध्ये शिओक मीट्स काढली आणि कोळंबीच्या पेशींपासून डंपलिंग करून दाखवले. ती कंपनी २०२४ मध्ये उमामी बायोवर्क्समध्ये विलीन झाली. जर्मनीच्या ब्लू सीफूडने सॅल्मन आणि ट्राउटच्या पेशींपासून फिश बॉल केले. इस्रायलच्या फोर्सी फूड्सने ईल दाखवला, सॅन दिएगोची ब्लूनालू ब्लूफिन ट्यूनाच्या मागे आहे. आणि मासा निवडण्यामागे तुमचं गणित पक्कं आहे, हेही समजलं. गायी-कोंबडीच्या पेशींना शरीराएवढी, म्हणजे ३७ अंशांच्या आसपासची ऊब लागते. थंड रक्ताच्या माशाच्या पेशी त्याहून बऱ्याच कमी तापमानाला वाढतात, त्यांना प्राणवायूही कमी चालतो, आणि कर्करोगाच्या पेशींसारखा काही बिघाड मुद्दाम न घडवता त्या दीर्घकाळ विभागत राहण्याची शक्यता जास्त असते. शिवाय माशाच्या मांसात जाड चिवट तंतू कमी, पातळ पापुद्रे जास्त. टाकीत घडवायला ते सोयीचं.

फायदाही खरा आहे. मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो, म्हणून गरोदर बायकांना शार्क, स्वोर्डफिश यांसारखे मासे टाळायला सांगतात. पारा अन्नसाखळीतून चढत येतो. टाकीतल्या पेशीला ती साखळीच नाही. हे ऐकून कोणत्याही आईला बरं वाटेल. मला वाटलं. पण पारा नाही एवढं सांगून थांबणं म्हणजे काय नाही तेवढंच सांगणं. काय आहे, ते कुठे आहे?

इथूनच माझ्या तक्रारी सुरू होतात.

सगळ्यात मोठी तक्रार कंपन्यांकडे आहे, आणि ती पेशींच्या प्रमाणाबद्दल. माशाच्या पेशी टाकीतून निघतात तेव्हा तो मासा नसतो, एक ओला लगदा असतो. त्याला आकार, चावताना लागणारा पोत, रंग, चरबी द्यायला वनस्पतींपासून काढलेले घटक मिसळावे लागतात. यात मला काही गैर वाटत नाही. गैर हे वाटतं की शंभर ग्रॅममध्ये माशाच्या पेशी किती आणि बाकीचं किती, हे शोधायला गेलं की धुकं लागतं. कोंबडीच्या बाबतीत एक उदाहरण उघड झालेलं आहे. सिंगापूरमध्ये २०२४ मध्ये गुड मीटने दुकानात विकायला आणलेल्या मालात कोंबडीच्या पेशी होत्या ३ टक्के. त्यांनी तो आकडा मालाच्या नावातच घातला, याबद्दल त्यांचं खरोखर कौतुक करते. ३ टक्क्यांवरून लोक हसले असतील, पण फसले नाहीत. माशाच्या कंपन्यांनो, तुमचा आकडा किती? ३ असेल तर ३ सांगा, ६० असेल तर ६० सांगा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

याच तक्रारीचा दुसरा भाग पोषक द्रवाचा. पेशी कशावर वाढल्या? या क्षेत्रात वर्षानुवर्षं गायीच्या गर्भातल्या वासराच्या रक्तापासून काढलेला सीरम वापरला गेला. आता बहुतेक जण म्हणतात, आम्ही तो सोडला किंवा सोडत आहोत. उत्तम. पण त्याच्या जागी काय आलं? कोणते वाढघटक, म्हणजे पेशींना वाढायला लावणारी प्रथिनं, ते कशापासून बनवले, शेवटच्या मालात त्यांचा अंश उरतो का? जाहीर केलेल्या कागदपत्रांत यातला बराचसा भाग व्यापारी गुपित म्हणून वगळलेला असतो. गुपित तुमच्या पाककृतीचं असू द्या, हरकत नाही. टाकीचं तापमान, हलवण्याचा वेग, पेशींची वंशावळ, सगळं लपवा. खाणाऱ्याच्या पोटात काय जातं, ते मात्र गुपित असू शकत नाही. ज्याला धर्मामुळे, तत्त्वामुळे किंवा प्रकृतीमुळे एखादी गोष्ट चालत नाही त्याला तुमच्या स्पर्धकाशी काही देणंघेणं नसतं.

आता माझ्या घरचा मुद्दा. तुमच्या प्रचारात "स्वच्छ", "शुद्ध", "समुद्राशिवायचा मासा" असले शब्द सारखे येतात. ते ऐकून अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाच्या मनात एक आशा उगवते, की हा मासा मला चालेल. मला थेट विचारलंय लोकांनी, "तुमच्या मुलीला ही प्रयोगशाळेतली कोळंबी देऊन बघा की!" नाही, बघणार नाही. कोळंबी, खेकड्याच्या अ‍ॅलर्जीचं मुख्य कारण ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन आहे, आणि ते स्नायूतलं प्रथिन आहे. माशांच्या अ‍ॅलर्जीत मुख्य गुन्हेगार पार्व्हाल्ब्युमिन, तेही स्नायूतलंच. तुम्ही वाढवलेला स्नायू जेवढा खरा, तेवढं हे प्रथिनही खरं. टाकीतल्या पेशींत त्याचं प्रमाण कमी-जास्त असू शकतं, पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि तीव्र अ‍ॅलर्जीच्या माणसाला कमीही पुरेसं असतं. त्यात भर म्हणून मिसळलेल्या वनस्पती घटकांत सोया असेल तर सोयाची अ‍ॅलर्जी असलेला माणूस मासा समजून भलत्याच संकटात सापडेल. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०२२ च्या नोव्हेंबरात सिंगापूरला तज्ज्ञ बोलावले होते; २०२३ च्या अहवालात पेशीसंवर्धित अन्नातले संभाव्य धोके मोजले, ते निघाले ५३. घाबरवायला हा आकडा देत नाही. त्यातले बहुतेक धोके साध्या अन्नातही असतात, असं तोच अहवाल सांगतो. पण अ‍ॅलर्जी त्या यादीत ठळक आहे, आणि तुमच्या चकचकीत चित्रफितींत ती मला दिसलेली नाही.

पोषणाबद्दल थोडक्यात. मासा खा म्हणून डॉक्टर सांगतात ते मुख्यतः ओमेगा-३ मेदाम्लांसाठी, डीएचए आणि ईपीएसाठी. मासा ती फारशी स्वतः बनवत नाही. सूक्ष्म शैवाल बनवतं, ते छोटे जीव खातात, त्यांना मासा खातो. म्हणजे ज्या अन्नसाखळीतून पारा येतो तिच्यातूनच ओमेगा-३ येतं. टाकीतल्या पेशीला ते बाहेरून द्यावं लागतं किंवा शेवटी तेल म्हणून मिसळावं लागतं. तुम्ही ते करत असाल, तर किती करता ते प्रत्येक पाकिटावर लिहा. करत नसाल तर "माशाइतकंच पौष्टिक" हे शब्द वापरू नका.

आणि समुद्र वाचवण्याच्या दाव्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण माझ्यासारख्या लोकांचं मन याच दाव्याने वळतं. समुद्राची अवस्था वाईट आहे यात शंका नाही. अन्न व शेती संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२१ मध्ये जगातल्या ३७.७ टक्के मत्स्यसाठ्यांतून प्रमाणाबाहेर मासे काढले जात होते. पण तुमची तुलना नेहमी कशाशी असते? गोमांसाशी. माशाची जागा घ्यायला निघालेला पदार्थ गायीशी स्पर्धा जिंकला म्हणून टाळ्या कोणी वाजवायच्या? तारलीसारखे छोटे मासे आणि शेतीत वाढवलेले शिंपले, कालवं यांचा कार्बन भार, म्हणजे ते ताटात येईपर्यंत हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंचं ओझं, प्राणिजन्य अन्नात सर्वांत कमी असणाऱ्यांत मोडतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीने हे दाखवलं आहे. शिंपल्यांना तर खाऊही घालावं लागत नाही, ते पाणी गाळून जगतात. तुमच्या टाक्यांना मात्र वीज लागते, निर्जंतुक जागा लागते, शुद्ध केलेले पोषक घटक लागतात. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं, की पोषक द्रव औषधनिर्मितीच्या दर्जाइतका शुद्ध लागणार असेल तर पेशीसंवर्धित मांसाचा कार्बन भार गोमांसापेक्षाही जास्त होऊ शकतो. तो अंदाज वादग्रस्त आहे, तुमच्यातल्या अनेकांनी तो खोडून काढायचा प्रयत्न केला. मग खोडायचा सर्वांत सोपा मार्ग तुमच्याच हातात आहे. तुमच्या कारखान्याचं वर्षाचं वीजबिल प्रसिद्ध करा.

ब्लूफिन ट्यूनाबद्दलही असंच. तो नामशेष होत चालला आहे म्हणून आम्ही टाकीत वाढवतो, हे ऐकायला छान वाटतं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ते बरोबरही होतं. पण पकडीवर कडक मर्यादा घातल्यावर अटलांटिकमधला ब्लूफिन सावरला आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे कोणता जीव किती धोक्यात आहे त्याच्या नोंदीत, तो धोक्याच्या वर्गातून बाहेर काढला गेला. पॅसिफिकमधला ब्लूफिनही ठरवलेल्या मुदतीच्या दशकभर आधी उद्दिष्टापर्यंत पोचला. ही कमाई टाक्यांची नव्हे, कंटाळवाण्या बैठकांत कोटे ठरवणाऱ्यांची आणि ते पाळणाऱ्या मच्छीमारांची आहे. तुम्ही ब्लूफिन वाढवताय कारण त्याला भाव जास्त मिळतो आणि टाकीचा खर्च निघतो. धंदा म्हणून हे अगदी योग्य. तसंच सांगा ना. आम्हाला धंदा कळतो.

आता परवाना देणाऱ्यांकडे वळते.

एफडीएच्या अधिकाऱ्यांनो, वाइल्डटाइपच्या बातमीत सगळीकडे "मंजुरी" हा शब्द आला. तुमचं पत्र मात्र एवढंच म्हणतं, की कंपनीच्या निष्कर्षाबद्दल सध्या आम्हाला प्रश्न नाहीत. ही विक्रीपूर्व सल्लामसलत ऐच्छिक आहे आणि तिला मंजुरी म्हणत नाहीत, हे तुम्हीच लिहून ठेवलं आहे. सिंगापूरमध्ये किंवा युरोपीय संघात नव्या प्रकारच्या अन्नाला विक्रीआधी परवानगी सक्तीची आहे. तुमच्याकडे ती का नाही, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवते. पण बातम्यांतला गैरसमज तुम्हाला दिसत होता, तो दूर करायला तुम्ही कितीसा आवाज केला? आणि लेबलचं काय? पेशीसंवर्धित समुद्री अन्नावर काय लिहावं याबद्दल तुम्ही ऑक्टोबर २०२० मध्ये लोकांकडून अभिप्राय मागवले होते. मग मालच आधी ताटात आला. तोही रेस्टॉरंटातून, जिथे पाकीटच नसतं. अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने तिथे वाचायचं काय?

बाकी देशांतल्या यंत्रणांनाही हेच लागू आहे. आज ना उद्या तुमच्या टेबलावर असा अर्ज येईल. अर्ज आल्यावर नियम शोधायला निघू नका.

आणि बंदीवाल्यांनो, तुम्ही तर कमालच केलीत. इटलीने नोव्हेंबर २०२३ मध्ये कायदा करून पेशीसंवर्धित मांस विकणाऱ्याला १० हजार ते ६० हजार युरो दंड ठरवला. त्या वेळी संपूर्ण युरोपीय संघात असं अन्न विकण्याची परवानगी मागणारा एकही अर्ज दाखल नव्हता. पहिला आला जुलै २०२४ मध्ये, एका फ्रेंच कंपनीचा. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. मग २०२४ मध्ये फ्लोरिडा आणि अलाबामा, पाठोपाठ आणखी काही अमेरिकी राज्यं. प्रत्येक ठिकाणी कारण तेच: आमच्या शेतकऱ्याचं, मच्छीमाराचं रक्षण.

रक्षणाचं मला पटतं. मासेमारी आणि मत्स्यशेतीत थेट काम करणारे जगात सहा कोटींहून अधिक लोक आहेत, त्यांच्या पोटाचा विचार कोणीतरी करायलाच हवा, आणि कंपन्यांच्या सादरीकरणांत त्यांना जागा नसते, ही माझी त्यांच्यावरची आणखी एक तक्रार समजा. पण मच्छीमाराचं नुकसान आजवर कोणी केलं ते बघा. कॅनडाने जुलै १९९२ मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळची कॉड मासेमारी थांबवली तेव्हा सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं. तेव्हा टाकीतला कॉड कुठे होता? अवाढव्य जहाजं होती, चुकीचे अंदाज होते आणि ते अंदाज खरे मानून कोटे वाढते ठेवणारे तुमच्यासारखेच लोकप्रतिनिधी होते. बत्तीस वर्षांनी, २०२४ मध्ये, ती मासेमारी पुन्हा व्यावसायिकांसाठी उघडली, तीही वाद अंगावर घेऊन. बंदीच्या कायद्याने समुद्रात एक मासा वाढत नाही. परदेशी जहाजांची चोरटी मासेमारी थांबत नाही, डिझेल स्वस्त होत नाही, बर्फाचा कारखाना उभा राहत नाही. मच्छीमारासाठी खरंच काही करायचं असेल तर कामांची यादी लांब आहे, आणि अजून नीट जन्मालाही न आलेल्या पदार्थावर बंदी त्या यादीत फार खाली येते.

शिवाय "लोकांना हे नकोच आहे" हे तुम्हाला कोणी सांगितलं? नको असेल तर लोक विकत घेणार नाहीत, त्यासाठी कायदा कशाला? याचं उदाहरण माशांतच आहे. जनुकबदल करून लवकर वाढणारा अ‍ॅक्वाबाउंटीचा सॅल्मन एफडीएने नोव्हेंबर २०१५ मध्ये मंजूर केला. ती खरीखुरी मंजुरी होती. पण पाकिटावर वेगळी ओळख सक्तीची नाही, अशी भूमिका सुरुवातीला घेतली गेली आणि तिथेच घोडं अडलं. लोक बिथरले, मोठ्या किराणा साखळ्यांनी आम्ही हा मासा विकणार नाही असं जाहीर केलं, लेबलचा वाद मिटेपर्यंत तो देशात आणायलाच २०१९ पर्यंत मनाई राहिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने मत्स्यशेती बंद करत असल्याचं सांगितलं. शेवटी पैसा संपला हे खरं, पण गिऱ्हाईक विश्वासाने आलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. कंपन्यांनीही हा इतिहास वाचावा. आज कित्येक लोक तुमचा मासा आणि तो जनुकबदल केलेला मासा एकच समजतात, आणि त्यांना समजावून सांगण्याऐवजी तुम्ही त्यांच्या मनाचा अभ्यास करता.

हो, तो अभ्यास मी वाचला आहे. कोणत्या शब्दांत सांगितलं की लोक "हो" म्हणतात, यावर शोधनिबंधांचा ढीग पडला आहे. २०१९ च्या एका अभ्यासात लोकांना तीन गटांत विभागलं: एकाला या मांसाचे समाजाला होणारे फायदे सांगितले, दुसऱ्याला ते नेहमीच्या मांसासारखंच आहे असं सांगितलं, तिसऱ्याला ते उच्च तंत्रज्ञान म्हणून सांगितलं. तंत्रज्ञान ऐकलेला गट सर्वांत नाखूश निघाला. यावरून तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी धडा घेतला, की तंत्रज्ञानाबद्दल कमी बोला, परंपरेबद्दल आणि चवीबद्दल जास्त बोला. टाकीचं चित्र मागे गेलं, लाकडी पाटावरचा गुलाबी तुकडा पुढे आला. मी त्याच निष्कर्षातून उलटा धडा घेते. तंत्रज्ञान ऐकून लोक बिचकतात कारण ते त्यांना अर्धवट सांगितलं जातं. आमची नाखुशी हा बरा करायचा आजार नाही. अनोळखी अन्नापुढे थांबणं, हुंगणं, विचारणं यावर माणूस आजवर जगत आला आहे, आणि आमच्या घरात तर एक लेकरू त्यावरच जगतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

कंपन्यांनी प्रत्येक मालावर माशाच्या पेशींचं वजनी प्रमाण टक्क्यांत लिहावं, पुढच्या बाजूला. पोषक द्रवात प्राण्यांपासून मिळवलेलं काय होतं आणि शेवटच्या मालात काय उरतं, ते जाहीर करावं. अ‍ॅलर्जीची सूचना नेहमीच्या माशाइतकीच ठळक हवी, आणि ट्रोपोमायोसिन किंवा पार्व्हाल्ब्युमिन कमी असल्याचा दावा करायचा असेल तर आधी स्वतंत्र प्रयोगशाळेकडून मोजून घ्यावं आणि आकडे छापावेत. डीएचए, ईपीए, प्रथिनं, मीठ, सगळं त्याच जातीच्या समुद्रातल्या माशाशेजारी मांडावं. पर्यावरणाचा दावा करताना तुलना माशांशी आणि शिंपल्यांशी करावी, गायीशी नको, आणि सोबत खऱ्या कारखान्याचे ऊर्जेचे आकडे द्यावेत. तोवर "समुद्र वाचवणारा मासा" हे शब्द जाहिरातीतून काढावेत.

नियामकांनी लेबलचे नियम विक्रीच्या आधी करावेत, आणि रेस्टॉरंटच्या मेनूलाही ते लागू करावेत. सुरक्षिततेची कागदपत्रं सामान्य माणसाला कळतील अशा चार पानांत, त्या त्या देशाच्या भाषेत मांडावीत. कोणती माहिती व्यापारी गुपित म्हणून झाकली आहे याची निदान यादी तरी द्यावी. माल बाजारात आल्यावर अ‍ॅलर्जीच्या तक्रारी नोंदवायला वेगळी सोय असावी आणि त्या नोंदी दर वर्षी प्रसिद्ध व्हाव्यात.

लोकप्रतिनिधींनी सरसकट बंदी मागे घ्यावी. तेवढं धैर्य नसेल तर निदान बंदीला मुदत घालावी, त्या मुदतीत कोणता अभ्यास करणार ते लिहून द्यावं, आणि तो झाला नाही तर बंदी आपोआप संपावी. मच्छीमारांच्या नावाने कायदा करताना मच्छीमारांच्या संघटनांची साक्ष कामकाजात नोंदवावी. टाकीतल्या माशामुळे उद्या कोणाचं काम जाण्याची वेळ आलीच, तर त्यांच्यासाठी काय तरतूद आहे तेही त्याच कायद्यात असावं.

यांतल्या ज्या मागण्या मान्य नसतील त्यांची कारणं जाहीरपणे लिहा. मला खाजगी उत्तर, भेटकूपन किंवा चाखण्याचं आमंत्रण पाठवू नका.

आपली,
मासे खाणारी आणि लेबल वाचणारी एक ग्राहक